मॅचआधीची तोलामोली: तुमचे अनुभव सांगा

डावा_विंगर: क्लासिको, म्हणजे बार्सिलोना-रिअल माद्रिद फुटबॉल सामना, जवळ आला. भाच्याने दोन्हीकडच्या अकरा-अकरांना दहापैकी मार्क देऊन तक्ता पाठवलाय. एकदम एप्रिल २०१६ आठवलं. बार्सा ३९ सामने हरलेली नाही, पुढे मेस्सी-सुआरेझ-नेमार; समोर माद्रिदचे बेल-बेंझेमा-रोनाल्डो. आमची सगळी भांडणं या सहा जणांवरच. माद्रिदच्या मधल्या फळीतल्या कासेमिरोच्या रकान्यापाशी कुणी थांबलंसुद्धा नाही. त्याने मधली वाटच अडवून धरली. माद्रिदचा रामोस लाल कार्ड घेऊन बाहेर, तरी दोनच मिनिटांत रोनाल्डोचा गोल. माद्रिद २-१ने जिंकलं, तेही बार्साच्या घरी, कॅम्प नोऊवर! तुमचेही असे किस्से येऊ द्या.

बाकावरचा: आठवण नको काढू रे. आमच्या बार्साच्या पिकेने आधी मारला होता तो गोल धर की.

आईची_ड्यूटी: बाळ उठायच्या आत लिहिते. ऑक्टोबर २०२४. एमबापे आला म्हणून आमच्या घरातले माद्रिदवाले हवेत. बार्साचा कोच फ्लिकने बचावफळी पार मध्यरेषेजवळ उभी केली आणि एमबापे साहेब आठ वेळा ऑफसाइड, म्हणजे पास यायच्या आधीच बचावफळीच्या पुढे! माद्रिद ०-४ने हरलं. वेगाला मार्क द्याल हो, पण धाव कधी सुरू करायची याला किती देणार? उठलं. येते.

जुना_खेळाडू: परदेशी कशाला, १९९७ची फेडरेशन कप सेमीफायनल घ्या. मोहन बागानकडे कोच अमल दत्तांची डायमंड रचना (खेळाडूंची हिऱ्याच्या आकारातली मांडणी), पेपरात तिचीच चर्चा. ईस्ट बंगालकडे कोच पी. के. बॅनर्जी. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमला सव्वा लाखाच्या वर माणसं. ईस्ट बंगालच्या भुतियाने हॅटट्रिक मारली, ४-१ने जिंकले.

बाकावरचा: काका, तुम्ही होतात तिथे?

जुना_खेळाडू: नाही रे, ऐकीव. पण पी. के. म्हणजे पी. केच.

रात्रपाळी: एमबापेला फार हसू नका. मे २०२५च्या क्लासिकोत त्याने हॅटट्रिक मारली होती.

आईची_ड्यूटी: आणि हरले ४-३ 😄 एकट्याने तीन मारून काय होतं, मागे गळती असेल तर?

रात्रपाळी: मान्य. माझ्या मते तुलना करायचीच तर दोन्हीकडचे फुलबॅक, म्हणजे कडेचे बचावपटू, आधी बघा. बार्साचा उजवा विंगर यमाल समोर असला की डाव्या फुलबॅकचं खरं दिसतं. बाकी मार्क म्हणजे टाइमपास.

डावा_विंगर: टाइमपासच तर करतोय आपण!

बाकावरचा: कुणाकडे जास्तीचा चार्जर आहे का, सी टाइप? मॅचच्या वेळी माझा फोन हमखास मरतो.

आईची_ड्यूटी: झोपलं एकदाचं. आता गोल झाल्यावर न ओरडता नाचायचं कसं ते सांगा कुणीतरी.