ऑफशोअर १४/१४ ड्युटी : घरची तयारी काय करावी?

प्रश्न : मुंबई हायवर (अरबी समुद्रातलं तेलक्षेत्र) १४ दिवस काम, १४ दिवस घरी अशी ड्युटी लागली आहे. बायको नोकरी करते, मुलगा चार वर्षांचा आहे. आधीपासून काय बघून ठेवावं?

प्रतिसाद १ : १४ दिवस हे कागदावरचे. पावसाळ्यात ढग खाली उतरले की जुहूहून हेलिकॉप्टर उडत नाही, क्रू चेंज (कामावरच्या लोकांची अदलाबदल) लांबतो. म्हणून रोजची औषधं २१ दिवसांची न्या, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा. परतीच्या दिवसाला लागून लग्न, बारसं, शाळेची मीटिंग धरू नका. हप्ते, वीजबिल ऑटो-डेबिटवर टाका. बँक खातं दोघांपैकी कुणालाही एकट्याने चालवता येईल असं करून घ्या.

प्रतिसाद २ : झोपेचं बघा. पाळी १२ तासांची असते. रात्रपाळी संपवून उतरलात तर पुण्या-नाशिकपर्यंत स्वतः गाडी चालवू नका, डुलकी लागते. घरी दुपारी गजर लावून दीड तासच झोपा. दिवसभर झोपलात तर रात्री टक्क जागे राहाल आणि सुट्टीचे पहिले दिवस त्यातच जातील.

प्रतिसाद ३ : खरी ओढाताण परतल्यावर होते. तिने एकटीने बसवलेली घडी आल्याआल्या मोडू नका. मुलाची झोपायची वेळ, टीव्हीचे नियम तिचेच चालू द्या. पण डबा आणि शाळेत सोडणं पूर्ण तुमच्याकडे घ्या, ‘मदत’ म्हणून नको. चार वर्षांच्या मुलाला ‘१४ दिवस’ कळत नाहीत, कॅलेंडरवर रोज एक चौकोन रंगवू द्या. नेटवर्कचा भरवसा नसतो, तेव्हा मुलाला सांगायच्या गोष्टी आधीच रेकॉर्ड करून ठेवा.