नागपूरहून आशियात बिझनेस क्लासनं फिरून आलात? सांगा काय काय झालं ते

(धागा काढणारा)

लग्नाला २५ वर्षं झाली म्हणून मार्चमध्ये आम्ही दोघं नागपूर-मुंबई-सिंगापूर-टोकियो असं बिझनेस क्लासनं जाऊन आलो. घरी, सोसायटीत, साळ्याच्या ग्रुपवर सगळीकडे सांगून झालं होतं आणि सोनेगावच्या विमानतळावर पहिल्याच काउंटरवर अब्रू गेली. मुंबईपासून पुढचं तिकीट एकत्र होतं, त्यात माणशी ४० किलो सामान चालतं, पण नागपूर-मुंबई मी स्वस्तात मिळालं म्हणून वेगळं काढलेलं, साधं इकॉनॉमी, त्यावर १५ किलो. दोन बॅगा मिळून भरल्या ५१. मी पुढचं तिकीट दाखवलं तर ती पोरगी शांतपणे म्हणाली, सर हे मुंबईच्या पुढचं आहे. बरोबरच होतं तिचं. मग तिथंच बॅगा उघडल्या, टोकियोच्या थंडीसाठी घेतलेली दोन जॅकेटं एकावर एक अंगात घातली, मार्चमध्ये, नागपुरात, आणि उरलेल्या किलोंचे पैसे भरले. बायको काही बोलली नाही हे जास्त वाईट.

आपल्याकडून सिंगापूर-बँकॉकला थेट विमान नाही, थेट म्हणजे दोहा-शारजा, ते उलट्या दिशेला. त्यामुळे मुंबई-दिल्लीसारख्या मोठ्या विमानतळावरून गेल्याशिवाय गत्यंतर नाही आणि गोची तिथूनच सुरू होते. तुमचंही लिहा, पुढच्याला उपयोगी पडेल.

मनीषनगरवाला

भाऊ तुमचं सामान अडकलं, आमची पाठ अडकली. कामासाठी मुंबई-बँकॉक-हाँगकाँग-सोल, तिकिटावर तिन्हीकडे बिझनेसच लिहून होतं. मुंबई-बँकॉक रात्रीचं, चार-साडेचार तास, म्हटलं जेवण नको काही नको, सरळ ताणून देऊ, आत जाऊन पाहतो तं छोटं विमान, मधात एकच गल्ली, अन् सीट नुसती मागं कलते. आपल्या पुण्याच्या ट्रॅव्हल्सच्या पुशबॅकची मोठी बहीण समजा. आणि हाँगकाँग-सोल, भर दुपारी, तिथं सपाट गादी! जिथं झोपाचं नाही तिथं पलंग देऊन राहिले.

तवापासून तिकीट काढायच्या आधी विमान कोणतं ते पाहतो. ७३७ नाहीतर ए३२० दिसलं की बहुतेक वेळा खुर्चीच समजायची, ७७७, ७८७, ए३५० मध्ये बहुतेक बेड असतो. त्यातही रांगेत खुर्च्या १-२-१ अशा, मधात गल्ल्या, असेल तं उत्तम, २-२-२ असेल तं खिडकीवाल्याले रात्री बाथरूमले जायला शेजाऱ्याच्या पायावरून उडी. ऐनवेळी विमान बदललं तर मात्र काही इलाज नाही.

धरमपेठची लेक

बाबा ७४ वर्षांचे, दोन्ही गुडघे दुखतात, म्हणून भावाकडे ओसाकाला जाताना हट्टानं बिझनेस घेतलं. बाबांचं सुरुवातीपासून एकच, कशाला उगाच. बसल्याबसल्या गरम टॉवेल आला, त्यांनी आधी तोंड पुसलं, मग मान, मग चष्मा, मग समोरचा ट्रे, आणि घडी घालून खिशात टाकणार तेवढ्यात ती मुलगी चिमटा घेऊन परत न्यायला आली. सिंगापूर-ओसाका रात्रीचं होतं. बाबा सीटची सगळी बटणं दाबून बघत होते, सपाट काही होईना. मग ती हवाईसुंदरी म्हणाली जरा उठता का. बाबांना वाटलं आपली जागा चुकली, त्यांनी बोर्डिंग पास काढून दाखवला. तिनं हसून सीटची पाठच पुढं ओढून आडवी पाडली, मागची बाजू वर आली आणि तीच गादी! त्यावर चादर, उशी, दुलई. बाबा म्हणाले, हा तर रेल्वेचा बर्थ झाला. पण पाच तास झोपले, पाय लांब करून.

एक सांगते, व्हीलचेअर बिझनेसच्या तिकिटासोबत आपोआप येत नाही, मागावी लागते. आणि प्रत्येक टप्प्याला नोंद झाली का ते विचारा. आम्हाला मुंबईत मिळाली, मधल्या एका ठिकाणी यादीत नावच नव्हतं.

वर्धमाननगर

जेवणाचं कोणी लिहिलं नाही. ऑनलाइन यादीत 'हिंदू मील' दिसतं, त्याचा कोड एचएनएमएल, ते व्हेज नाही, त्यात चिकन-मटण येऊ शकतं!! सासूबाईंनी नाव वाचून तेच टिक केलं होतं. व्हेजसाठी एव्हीएमएल, जैनसाठी व्हीजेएमएल. फ्लाइटची वेळ बदलली की परत तपासा, आमचं एकदा पुसलं गेलं होतं, मग चौदा तास ब्रेड, फळं आणि काजू.

टोकियोवाल्याची आई

फेब्रुवारीत मुलाकडे गेले तेव्हा मृग बहाराची संत्री नेली, डझनभर, हातातल्या पिशवीत, सून खूप दिवसांपासून म्हणत होती. सिंगापूरला उतरल्यावर मुलाचा फोन, आई जपानमध्ये अशी ताजी फळं आणता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतील. आता घ्या. टाकून देणं काही माझ्याच्यानं होईना. तिथल्या लाउंजमध्ये साते (काडीवर भाजलेलं मांस) होते, लाक्सा (नारळाच्या रश्श्यातल्या शेवया) होता, केकचे सतरा प्रकार होते आणि मी कोपऱ्यात बसून संत्री सोलत होते. काय वास सुटला होता म्हणून सांगू! पलीकडे एक म्हातारं जोडपं बघत होतं, दोन त्यांना दिली, दोन बशा उचलणाऱ्या मुलीला, तिनं आधी इकडेतिकडे पाहिलं मग घेतली. उरलेली आठ मी एकटीनं संपवली. विमानात जेवलेच नाही, सहा तासांचं ते सगळं महागाचं जेवण तसंच परत गेलं.

काहून सांगू

एवढ्या पैशात सावजीत वर्षभर रोज मटण झालं असतं. अन् झोप घरी फुकट.

दिल्लीत अडकलेला

जानेवारी, धुकं, नागपूर-दिल्ली तीन तास लेट. पुढचं दिल्ली-बँकॉक-टोकियो बिझनेस वेगळ्या पीएनआरवर. पोचलो तोवर काउंटर बंद. ते म्हणाले तुम्ही नो-शो, म्हणजे वेळेत आलाच नाही, आणि पहिला टप्पाच उडाला नाही म्हणून पुढचे सगळे रद्द, परतीचेसुद्धा. सगळं एकाच पीएनआरवर असतं तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी त्यांची होती. नागपूरच्या तिकिटात चार हजार वाचवले होते मी. आता थंडीत आदल्या दिवशीच जाऊन मुक्काम करतो, नाहीतर सरळ मुंबईमार्गे.

(धागा काढणारा)

दिल्लीवाले, वाचून पोटात गोळा आला. ऑक्टोबरमध्ये परत जायचं ठरतंय, यावेळी नागपूरपासून एकच तिकीट. बायकोनं तरी बॅग टांगून मोजायचा तो हुकवाला छोटा काटा आणून ठेवलाय, काल माझी बॅग रिकामी असताना मोजली तिनं. साडेचार किलो.

धरमपेठची लेक

काटा कुठून घेतला दादा? सीताबर्डीच्या बाजारात मिळतो का?