मदत हवी आहे: कोलॅजेनचं क्रीम वरून लावून त्वचेत जातं का?

नमस्कार मंडळी,

वय 47, मुक्काम ठाणे. डिसेंबरात पुतण्याचं लग्न आहे. वरमाय जाऊबाई असल्या तरी फोटोत मीही असणारच! नेहमीच्या पार्लरमधल्या मुलीने कोलॅजेनचा सेट सुचवलाय: दिवसाचं क्रीम, सीरम आणि रात्रभर लावून झोपायचे कोरियन मास्क. सगळे मिळून 5,200 रुपये. "या वयात स्किनमधलं कोलॅजेन कमी होतं मॅडम, ते बाहेरून भरून काढायला लागतं," असं ती म्हणते. कमी होत असेल, नाही म्हणत नाही. पाळीचं वेळापत्रक बिघडलंय आणि ओठांच्या कडेच्या रेघा आता लिपस्टिकही लपवत नाही.

एक मास्क तिने नमुना म्हणून दिला होता. लावताना पांढराफटक, गार, जाडसर. सकाळी पाहते तर इतका पातळ आणि आरपार झालेला की गालावरचा तीळ त्यातून दिसत होता. पाकिटावर लिहिलंय की पांढरेपणा गेला म्हणजे कोलॅजेन त्वचेत मुरलं. चेहरा खरोखर तुकतुकीत दिसत होता, कामाच्या मावशींनीसुद्धा विचारलं काय लावलंस म्हणून. दुपारपर्यंत मात्र पुन्हा जैसे थे.

तर हे खरंच आत जातं का? की नुसता वरवरचा मुलामा? आणखी एक, सेटवर "मरीन कोलॅजेन" लिहिलंय. सासूबाई माळकरी आहेत आणि माझ्या ड्रॉवरमधलं क्रीम त्याही बिनधास्त लावतात. त्यांना चालेल का? कृपया अनुभवी आणि जाणकारांनी सांगा.

रानजाई: घेऊ नकोस गं. त्या पैशात लग्नाला नेसायची साडी येईल.

खलबत्ता: मी अंबरनाथला सौंदर्यप्रसाधनांच्या फॉर्म्युलेशनमध्ये नोकरी करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोलॅजेन म्हणजे त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन, आणि त्याचा रेणू अवाढव्य असतो. तीन साखळ्यांचा पीळ, लांबी सुमारे 300 नॅनोमीटर, वजन सुमारे 3,00,000 डाल्टन (डाल्टन म्हणजे रेणूंचं वजन मोजायचं एकक). धडधाकट त्वचेच्या सर्वांत वरच्या मृत पेशींच्या थरातून साधारण 500 डाल्टनपर्यंतचे रेणूच सहज आत जातात, असा ठोकताळा 2000 साली मांडला गेला आणि आमच्या धंद्यात तो आजही वापरतात. सोऱ्याला बारीक शेवेची चकती लावून त्यातून अख्खा नारळ काढायचा म्हटलं तर कसं होईल? तसंच हे. हायड्रोलाइज्ड म्हणजे तुकडे केलेलं कोलॅजेन घेतलं, तरी ते तुकडे बहुधा काही हजार डाल्टनचे असतात. समजा, थोडं गेलंच आत, तरी ते जाऊन तुमच्या कोलॅजेनच्या जाळ्यात विणलं जात नाही. ते जाळं त्वचेतल्या फायब्रोब्लास्ट पेशी स्वतः घालतात, बाहेरून ठिगळ लावता येत नाही.

मास्कचं सांगतो. तो हायड्रोजेल असतो: पाणी, ग्लिसरीन आणि जेल धरून ठेवणारे गोंद. अंगाच्या उबेने त्यातला द्रव थोडा त्वचेवर उतरतो, बराचसा उडून जातो. जेल पातळ झालं की आरपार दिसतं. विश्वास नसेल तर पुढचा मास्क स्टीलच्या ताटलीवर पंख्याखाली ठेवून बघा. ताटली काही तरुण होणार नाही, पण मास्क पारदर्शक होईल!

तुकतुकी मात्र खरी आहे, तो तुमचा भास नव्हता. रात्रभर झाकलेल्या त्वचेतलं पाणी उडत नाही, वरचा थर फुगतो, बारीक रेघा तात्पुरत्या बुजतात. कोलॅजेन स्वतःही पाणी धरून ठेवतं आणि वर पातळ पापुद्रा करतं, म्हणजे मॉइश्चरायझर म्हणून ते चांगलंच. पण हेच काम ग्लिसरीन आणि व्हॅसलीन फार कमी पैशांत करतात.

जाता जाता: खोक्यावरची घटकांची यादी वाचा, त्यात जो घटक जास्त तो सहसा आधी लिहितात. फिनॉक्सीइथेनॉल हे प्रिझर्व्हेटिव्ह सहसा 1 टक्क्यापर्यंतच घालतात. कोलॅजेनचं नाव त्याच्याही नंतर आलं असेल तर ते बहुधा नावापुरतंच आहे.

माहेरवाशीण_कोल्हापूर: खलबत्ता, एक शंका. माझ्या दिराचा हात भाजला होता तेव्हा डॉक्टरांनी जखमेवर कोलॅजेनचंच पातळ पान चिकटवलं होतं आणि जखम छान भरली. मग काम करत नाही असं कसं म्हणता?

खलबत्ता: चांगला मुद्दा. भाजलेल्या जागी वरचा थरच उरलेला नसतो. तिथे कोलॅजेनचं पान थेट उघड्या जखमेवर बसतं, ओल टिकवतं आणि नव्या पेशींना सरकायला आधार देतं. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेत अशा ड्रेसिंगवर बरंच काम झालंय. चेहऱ्याच्या अखंड त्वचेला हे लागू नाही, आणि जाहिरातवाले नेमका हाच फरक गिळतात.

तुळशीवृंदावन: मरीन म्हणजे जवळजवळ नेहमीच माशांची कातडी किंवा खवले. खोक्यावर नुसतं कोलॅजेन लिहिलं असेल तर गाय, डुक्कर, कोंबडी काहीही असू शकतं. आमच्या घरीही माळ आहे, मी असलं काही आणत नाही. सासूबाईंना न सांगता तर मुळीच लावू देऊ नका, कळलं तर फार वाईट वाटेल त्यांना. "व्हीगन कोलॅजेन" म्हणून विकतात त्यात बऱ्याचदा वनस्पतींचे अर्क असतात, कोलॅजेन नसतंच.

त्वचा_आणि_बरंच_काही: त्वचारोगतज्ज्ञ आहे. वरचं बहुतेक बरोबर आहे, थोडी भर घालते.

ताई, पार्लरवाली अर्धं बरोबर बोलली. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं सुमारे 30 टक्के कोलॅजेन कमी होतं. उपाय मात्र तिने चुकीचा सांगितला. कोलॅजेन लावायचं नसतं, त्वचेला ते बनवायला लावायचं असतं, आणि आहे ते उन्हापासून वाचवायचं असतं.

बनवायला लावणाऱ्यांत सगळ्यात भक्कम पुरावा ट्रेटिनॉइनचा, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या कुळातल्या, त्वचेला लावायच्या औषधाचा. त्याचा रेणू जेमतेम 300 डाल्टनचा, म्हणून आत पोचतो. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उन्हाने खराब झालेल्या त्वचेवर 10 ते 12 महिने ट्रेटिनॉइन लावल्यावर कोलॅजेनची निर्मिती 80 टक्क्यांनी वाढली. नुसतं बिनऔषधी क्रीम लावलेल्यांत ती 14 टक्क्यांनी घटली. महिने लागतात हे लक्षात घ्या. सुरुवातीला लाली येते, सालं निघतात, म्हणून लग्नाच्या तोंडावर अजिबात सुरू करू नका. नंतर डॉक्टरांना दाखवून 0.025 टक्क्यापासून, आठवड्यातून दोन-तीन रात्री. पाळी अजून पूर्ण थांबलेली नाही, तेव्हा दिवस राहण्याची शक्यता असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, गरोदरपणात हे चालत नाही.

आणि कृपा करून औषधाच्या दुकानात जाऊन "सुरकुत्यांचं क्रीम द्या" म्हणू नका. हायड्रोक्विनोन (रंग उजळवणारं औषध) आणि स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब हातात ठेवतात, महिनाभर चेहरा चमकतो आणि मग बायका लालभडक गाल घेऊन माझ्याकडे येतात. दर आठवड्याला बघते मी हे.

उन्हाचं म्हणाल तर ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर इथे 903 जणांवर साडेचार वर्षं चाचणी झाली. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा, मनात आलं तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा 24 टक्के कमी म्हातारी झाली. 2013 साली ते प्रसिद्ध झालं.

निशिगंध47 (धागाकर्ती): सगळ्यांचे खूप आभार! सेट घेत नाही. सासूबाईंना मघाशीच सांगितलं, "मासळी तोंडाला फासायचे धंदे कुणी सांगितले होते," म्हणाल्या. डॉक्टर, मग लग्नापर्यंत काय करू?

त्वचा_आणि_बरंच_काही: ग्लिसरीन किंवा हायल्युरॉनिक ॲसिडचं साधं मॉइश्चरायझर, तोंड धुतल्यावर ओलसर असतानाच. सकाळी एसपीएफ 30 किंवा जास्तीचं ब्रॉड स्पेक्ट्रम सनस्क्रीन, चेहऱ्याला आणि मानेला मिळून दोन बोटं भरून. तीट लावल्यासारखं लावलंत तर उपयोग नाही. त्या मास्कचा सोस असेलच तर हळदीच्या आदल्या रात्री एक लावा, माशांची ॲलर्जी नसेल तर. आधी कानामागे लावून बघा. आणि सासूबाई वापरतात त्या ड्रॉवरपासून लांब ठेवा.

रानजाई: म्हणजे साडी फिक्स.