थीम नसलेलं मराठी शब्दकोडं: ९×९ चौकट वर-खाली अडते आहे

तिरकस
थीम नसलेलं (म्हणजे मोठे शब्द एका विषयाशी न बांधलेलं) ९×९ कोडं करतोय. प्रत्येक पांढरं घर आडव्या-उभ्या दोन्ही शब्दांत यायला हवं, काळी घरं १८० अंशांत फिरवली तरी तीच. पहिल्या ओळीत ‘अळवावरचे पाणी’, शेवटच्या ओळीत ‘दिवसा तारे दिसणे’, दोन्ही ८ घरांचे. न्यूयॉर्क टाइम्समध्ये थीम नसलेल्या १५×१५ कोड्याला जास्तीत जास्त ७२ शब्द चालतात, म्हणजे शब्द लांब आणि काळी घरं कमी, म्हणून मीही मोकळी चौकट ठेवली, काळी घरं फक्त १२. पण वर आणि खाली उभे शब्दच सापडत नाहीत. शब्दसाठा कमी पडतोय का?

उभा_शब्द
शब्दसाठा नाही, ओळी चुकल्यात. पहिल्या ओळीतलं प्रत्येक अक्षर खाली जाणाऱ्या शब्दाचं पहिलं अक्षर असतं. ‘ळ’ किंवा ‘ण’ने मराठी शब्द सुरू होत नाही. म्हणजे तुमचं दुसरं (ळ) आणि आठवं (णी) घर गेलं. शेवटच्या ओळीत याच्या उलट: तिथे प्रत्येक अक्षर उभ्या शब्दाचं शेवटचं. ‘आणि’, ‘नि’ आणि ‘तथापि’सारखी तत्सम अव्ययं सोडली तर अंत्य इकार दीर्घच लिहितो, आणि तुमच्याकडे ऱ्हस्व ‘दि’ दोनदा! काळ्या घराला चिकटून खाली किंवा वर येणाऱ्या घरांनाही हेच लागू.

पहिला वाक्प्रचार तिसऱ्या ओळीत, दुसरा सातव्या ओळीत आणा. मग ‘ळ’वर कमळ किंवा सरळ उतरतं, ‘णी’वर चटणी. सातव्या ओळीत एका ‘दि’वर मंदिर, दुसऱ्यावर आदिवासी, आणि ‘णे’वर पुणेकर.

काळाचौकोन
वरचं बरोबर, पण १२ काळी घरं हा हट्टच आहे. इंग्रजीत एका घरात २६ पैकी एक अक्षर. आपल्याकडे ३४ व्यंजनं × बाराखडी = ४०८, शिवाय जोडाक्षरं. इंग्रजीचा मोकळेपणा इथे परवडत नाही, ९×९ला १८ ते २२ धरा.

मोकळा कोपरा हवाच असेल तर बिनमात्रेचे शब्द वापरावे लागतात:

स क स
क ह र
स र ळ

आडवं वाचा, उभं वाचा, बसतं. (तेच शब्द दोनदा आलेत, त्यामुळे कोड्यात हा चौकोन चालणार नाही, फक्त नमुना.) पण असे कोपरे पाणचट होतात. सोडवणाऱ्याला मजा येते ती ‘धक्काबुक्की’सारख्या शब्दात, आणि ‘क्का’, ‘क्की’ने शब्द सुरू होत नाही, त्यामुळे त्यांच्या डोक्यावर पांढरं घर लागतंच. प्र, स्व, व्य ही जोडाक्षरं त्या मानाने गरीब, सुरुवातीलाही चालतात. माझ्या मते एका कोपऱ्यात एकच अवघड अक्षर, बाकी सपाट.

तिरकस
ओळी हलवल्या. आता ‘अळवावरचे’मधल्या ‘चे’पाशी अडलोय. ‘साचे’, ‘ढाचे’ ही अनेकवचनं टाळायची आहेत.

उभा_शब्द
त्या ‘चे’च्या वरची दोन्ही घरं काळी करा, खाली चेहरा. समोरच्या कोपऱ्यातली दोनही त्याबरोबर काळी होतील, म्हणजे काळ्या घरांची संख्याही वाढली. किंवा बोलीतलं ‘अळवावरचं’ घ्या, मग चंदन, चंचल दोन्ही मोकळे. मात्र सूत्रही (शब्द ओळखायला दिलेला संकेत) बोलीतलंच लिहा, नाहीतर सोडवणारा ‘चे’ भरून बसेल. आणि ‘घराला’, ‘घरात’ असली विभक्तीची रूपं भरायला घेऊ नका. एक घेतलं की दहा येतात.