सुरुवात नाकापासून करा
इंग्रजी शब्दसंग्रह वाढवायचा तर रोज वीस शब्द पाठ करा, असा सल्ला मिळतो. मी करून पाहिलं. आठवड्यात पाटी कोरी! त्यापेक्षा शब्दाचं मूळ धरावं. लक्ष्मणानं शूर्पणखेची नासिका कापली म्हणून नाशिक, हे पंचवटीतलं शेंबडं पोरही सांगेल. लॅटिनमध्ये नाक म्हणजे 'नासुस', त्यावरून इंग्रजीत 'नेझल', म्हणजे नाकाचा. 'नोज'ही त्याच कुळातला. तसंच दंत आणि 'डेंटिस्ट'. 'ट्रायडंट' म्हणजे तीन दातांचा, म्हणजे आपला त्रिशूळच की!

वाक्प्रचारांत मात्र ही युक्ती चालत नाही. 'पे थ्रू द नोज'चा अर्थ माझ्या भाचीनं 'नाक मुठीत धरून पैसे देणे' असा लिहिला होता. खरा अर्थ, अव्वाच्या सव्वा पैसे मोजणे. तिथे अख्खं वाक्यच वाचावं लागतं.