बारोलो की अमारोने: चवीत नेमका फरक काय?

प्रश्न: दोन्ही इटलीच्या, दोन्ही दमदार रेड वाइन. मग बारोलो तोंड कोरडं का पाडते आणि अमारोने गोडसर का लागते?

उत्तर १: अमारोनेची द्राक्षं (मुख्यतः कोर्विना) तोडणीनंतर तीन-चार महिने सुकवतात. पाणी उडतं, साखर दाटते, म्हणून अल्कोहोल १५-१६ टक्क्यांवर जातं. चव मनुका, सुकं अंजीर, कोकोची. गोडवा बराचसा भासच; साखर थोडीच उरते.

उत्तर २: बारोलो म्हणजे नेबिओलो जातीची द्राक्षं. फिका रंग बघून फसू नका. टॅनिन (द्राक्षाच्या साली-बियांतला तुरट अंश) कच्च्या सुपारीसारखं हिरड्या धरतं, आंबटपणाही चढा. वास गुलाबाचा, चक्क डांबराचा! कोवळी, म्हणजे फार वर्षं न मुरलेली बाटली पिण्याच्या दोन तास आधी डिकँटरमध्ये (वाइनला हवा लागावी म्हणून वापरायच्या काचेच्या सुरईत) ओता.

उत्तर ३: आणि १८ अंशांवर प्या हो. आपल्याकडच्या ३० अंशांत अमारोनेचं नुसतं अल्कोहोल नाकात जातं. फ्रिजमध्ये तासभर पुरे. बारोलो मात्र फार गार केलीत तर टॅनिन आणखी टोचेल.