वेंगुर्ले ते रेडी : तुमचे अनुभव सांगा

डिसेंबरात आईला घेऊन वेंगुर्ल्याला जायचंय. तिचं आजोळ त्या बाजूचं, पण गेली चाळीस वर्षं जाणंच झालं नाही. मालवण-तारकर्लीबद्दल भरपूर ऐकायला मिळतं, त्याच्या दक्षिणेला मात्र फारसं कोणी थांबत नाही. वेंगुर्ल्याचा बाजार, आरवली, शिरोडा, रेडी, मधली गावं, किनारे, खाणावळी, जे स्वतः पाहिलं-खाल्लं असेल ते लिहा. आईचे गुडघे दुखतात, तेही लक्षात घ्या.

*

बाजार सकाळीच करा. आम्ही पहिल्या दिवशी अकराला गेलो तेव्हा मासळी जवळजवळ संपली होती. दुसऱ्या दिवशी साडेसातला पोचलो. बांगड्यांचे वाटे लागलेले, तिसऱ्या (शिंपल्या), मुडदुशे, एका टोपलीत वळवळणाऱ्या कुर्ल्या. मला मुडदुशे साफ करता येत नाहीत म्हटल्यावर मासे विकणाऱ्या मावशींनी स्वतः करून दाखवले, वर कालवणात तिरफळं किती घालायची तेही सांगितलं. बाहेर आमसुलं, कुळथाचं पीठ, उकडे तांदूळ मिळतात. काजू घेताना 'वेंगुर्ला ४', 'वेंगुर्ला ७' ही नावं ऐकाल. या जाती तिथल्याच फळ संशोधन केंद्रातल्या. ओले काजूगर मात्र डिसेंबरात मिळायचे नाहीत, त्यासाठी फेब्रुवारी-मार्च गाठावा लागतो.

*

आईंना मांडवी खाडीतली कांदळवन सफर नक्की घडवा. स्थानिक महिलांचा बचत गट ती चालवतो, होडी वल्हवतात त्याच. माझ्या सासूबाई पंचाहत्तरीच्या, होडीत चढताना दोघींनी हात धरून बसवलं. तिवर कोणतं, त्याची मुळं चिखलातून वर का येतात (चिखलात हवा नसते, म्हणून मुळं बाहेर येऊन श्वास घेतात), खेकडे कुठे लपतात, सगळं त्या सांगत होत्या. सासूबाई जन्मभर खाडीकाठी राहिलेल्या, तरी तासभर प्रश्न विचारत होत्या. निघण्याआधी भरतीची वेळ विचारून घ्या.

*

आरवलीचा वेतोबा. उंचपुरी उभी मूर्ती, समोर केळ्यांचे घड आणि नवसाच्या भल्यामोठ्या चामडी चपला. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून चपला झिजतात, असं गावकरी सांगतात. माझ्या वडिलांच्या आजारपणात काकांनी इथे केळ्यांचा घड बोलला होता. तो द्यायला गेलो तेव्हा वडील सोबत होते. त्या दिवशीचं आणखी काही लिहीत नाही, लिहिता येणार नाही.

*

शिरोड्याबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून. १९३० च्या मे महिन्यात इथल्या मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला. वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत इथल्या शाळेत शिक्षक होते. आम्ही आधी मिठागरं पाहिली, मग वेळागरच्या किनाऱ्यावर गेलो. सुरूची झाडं, लांबलचक वाळू, माणसं तुरळक. पाणी शांत दिसतं, पण ओढ जबरदस्त आहे. माझा भाचा कमरेएवढ्या पाण्यात होता आणि बघता बघता पाय उचलले गेले. किनाऱ्यावर रापण (मासेमारीचं मोठं जाळं) ओढणाऱ्यांपैकी दोघे धावले म्हणून वाचला. कुठे उतरायचं ते गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात जाऊ नका. हात जोडून सांगतोय.

*

खाण्याचं सांगते. घरगुती खाणावळीत आदल्या रात्री सांगून ठेवा. आम्ही आयत्या वेळी गेलो, तर बाईंनी "तासभर थांबशात तर करून घालतंय" म्हणून बसवलं. बांगड्याचं तिखलं, तिसऱ्यांचं सुकं, गरम भात, सोलकढी. तो तास ओटीवर त्यांच्या सासऱ्यांशी बोलण्यात कसा गेला कळलं नाही. शाकाहारी असाल तर आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं मागा. शिरवाळ्यांसाठी (तांदळाच्या शेवया) तर आदल्या दिवशी विचाराच, ते आयत्या वेळी होत नाहीत.

*

मी इथलोच. दोन गोष्टी. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा सुरमईचा हट्ट धरू नका, खाडीची मासळी खा, ती ताजी असते. दुसरं, वायंगणीच्या किनाऱ्यावर थंडीत कासवं अंडी घालायला येतात. गावातली पोरं घरटी राखतात. रात्री किनाऱ्यावर टॉर्च किंवा मोबाइलचा उजेड पाडू नका, मादी अंडी न घालताच परत फिरते.
आणि ताई, आईंचं आजोळ कुठच्या गावचं ता लिवा. जुनी घरां आसत अजून, आमी शोधून देव.

*

मातोंड म्हणते आई. घराच्या मागे विहीर होती आणि विहिरीवर वाकलेला फणस, एवढंच तिला आठवतंय.